निरगाठ बांधलेली बरणी

मी बरणी बोलतेय. काचेची, रुंद तोंडाची, लोणच्यासाठी जन्मलेली. पण आता माझ्या पोटात आहे ते लोणचं नाही. तेव्हा तोंडाला पाणी सुटलं असेल, तर आवरा.

मुखेडच्या बाजारात सरजाबाईनं मला टिचक्या मारून, वाजवून घेतलं. घरी नेऊन कैरीचं लोणचं भरलं, झाकणावरून फडकं बांधलं आणि वर निरगाठ मारली. सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठीला नखं झिजवावी लागतात. शेजारणींच्या हातांवर तिचा विश्वास नव्हता, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

मग सरजाबाईचं पोट दुखायला लागलं. गावातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आतड्यातून लिंबाएवढी गाठ निघाली. "मोठ्या तोंडाची बरणी आणा," डॉक्टर म्हणाले. तिचा नवरा व्यंकटी धावत घरी आला, माझ्यातलं लोणचं गाडग्यात ओतलं, मला घासलं आणि नेलं. गाठ माझ्यात आली. वरून फॉर्मालिन नावाचं डोळ्यांना झोंबणारं औषध. हिंग-मोहरीत वाढलेली मी, मला फार अपमान वाटला.

"उद्याच गाठ घेऊन नांदेडला धम्मप्रिया मॅडमकडे जा," डॉक्टरांनी सांगितलं. व्यंकटीचं लक्ष आत निजलेल्या बायकोकडे. त्याला कळलं ते एवढंच, की नांदेडला जाऊन मॅडमची गाठ घ्यायची आहे. त्यानं मला घरच्या फळीवर ठेवलं, सवयीनं फडकं बांधून निरगाठ मारली आणि सकाळी रिकाम्या हातांनी एसटीत बसला.

पुढचं मी नंतर इतक्यांदा ऐकलंय, की मला पाठ आहे.

"गाठ आणली का, मामा?"

"गाठ घ्यायलाच आलो की, मॅडम."

"द्या मग."

"काय देऊ? तुमी हायत, म्या हाय. पडली की गाठ!"

धम्मप्रिया मॅडम लातूरला शिकत होत्या तेव्हापासून आतड्याच्या गाठींवर संशोधन करतात. "लग्नगाठीचं बघायचं सोडून ही पोटातल्या गाठी बघत बसलीय," म्हणून त्यांची आत्या कपाळाला हात लावायची. दिसायला सारख्या असणाऱ्या गाठींतली गोळीनं आवरणारी कोणती आणि न आवरणारी कोणती, हे ओळखता ओळखता मॅडमचे केस पिकले. पण असं उत्तर त्यांना कुठल्या परिषदेतही मिळालं नव्हतं. त्या पोट धरून हसल्या आणि एकदम थांबल्या.

"मामा, बरणी कुठाय?"

"फळीवर. लोणच्याच्या गाडग्यापाशी."

मॅडमनी गाडीची किल्ली उचलली.

इकडे शेजारची कमलम्मा घर झाडायला आली होती. देगलूरकडची, मनानं चांगली, पण जरा उतावळी. "अय्यो, अक्काचं लोणचं नासलं की! रंगच गेला!" म्हणत तिनं मला उचललं आणि उकिरड्याकडे निघाली. अक्का घरी यायच्या आत बरणी घासूनपुसून ठेवावी, एवढाच तिचा हेतू. काच असून मला घाम फुटला. माझ्यातलं सांडलं असतं, तर सरजाबाईच्या दुखण्याचं नाव कुणालाच कळलं नसतं आणि औषधही ठरलं नसतं.

कमलम्मानं निरगाठ नखांनी ओढली, दातांनी ओढली. शेवटी मला खाली ठेवून ती विळी आणायला वळली, तोच दारात गाडी थांबली आणि व्यंकटी ओरडतच उतरला, "कमलम्मा, हात लावू नको! त्यात सरजी हाय!"

कमलम्मा किंचाळून पळाली ती दोन दिवस आमच्या अंगणात फिरकली नाही.

मॅडमनी मला नांदेडला नेलं. काही दिवसांनी व्यंकटी तपासणीचा निकाल ऐकायला तिथं आला. काय विचारावं ते त्याला सुचेना. शेवटी म्हणाला, "मॅडम, सुरगाठ हाय का निरगाठ?"

मॅडमना प्रश्न बरोबर कळला. "सुरगाठ, मामा. गोळी रोज घ्यावी लागेल, पण आवरेल."

व्यंकटी तिथंच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मलाही भरून आलं. तशी मी आधीच भरलेली होते, ते सोडा. तेव्हापासून मॅडम प्रत्येक पेशंटला याच शब्दांत समजावतात.

आता मी त्यांच्या प्रयोगशाळेत फळीवर असते. परवा सरजाबाई तपासणीला आली. चांगली भरली होती. मला पाहताच म्हणाली, "अगं बाई, माझी बरनी! द्या की, कैऱ्या आल्यात."

"हिच्यात आता लोणचं नाही घालता यायचं," मॅडम हसून म्हणाल्या.

सरजाबाईनं माझ्या काचेवरून हात फिरवला. आत पाहायचं तिनं टाळलं. माझं फडकं सैल झालं होतं, ते तिनं नीट बांधलं. "या बारीला सुरगाठच मारते, मॅडम. निरगाठीची लई भीती बसलीय."

माझं एवढंच मागणं आहे. डॉक्टर 'गाठ घेऊन जा' म्हणाले, तर 'कोणती?' म्हणून आधी विचारा. आणि आज आपली गाठ पडली, बरं वाटलं. पण या फळीपाशी पुन्हा न पडो.