दगडावरचं नाव

आमच्या वेस्टफालियात आडनाव माणसाचं नसतं, शेताचं असतं. ओव्हरकाम्पच्या शेतावर जो घरजावई येतो, तो ओव्हरकाम्प होतो. माझे वडील असेच आले, टिगेस हे आपलं नाव नदीपलीकडे ठेवून. आजोबाही घरजावईच, त्यांचं मूळ नाव तर आता कुणालाच ठाऊक नाही.

वडील शेवटच्या दुखण्यात पडले. पाद्रीबाबांनी कानाशी तीनदा हाक मारली, "ओव्हरकाम्प!" वडील हललेसुद्धा नाहीत.

मग नदीपलीकडून त्यांचा भाऊ, योस्टकाका आला. तीस वर्षांत त्याने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. खाटेवर वाकून म्हणाला, "काय रे टिगेस, लोळतोस काय? गुरं कोण सोडणार?"

वडिलांनी डोळे उघडले. "आलो," म्हणाले, आणि गेले.

पाथरवटाला मी सांगितलं, "दगडावर टिगेस कोरा."

आई कडाडली, "मग त्या दगडाखाली मला जागा नको!"

ओव्हरकाम्पच कोरलं.

पुढल्या वर्षी माझा नवरा या शेतावर आला. त्याचं जुनं नाव मी बायबलच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. शेवटी हाक मारायला लागेल.