दोन आट्यांवर

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. डोंगराची, दगडधोंड्यांची, चिखलाची जीप. गुळगुळीत रस्त्यावर मिरवणाऱ्या गाड्यांत माझी गणना कधी झाली नाही आणि मला त्याचे दुःखही नाही. सध्या माझी चारही चाके काढलेली आहेत, मी लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे आणि सोमवारी मला न्यायला माणसे येणार आहेत. तेव्हा माझी हकिगत आताच सांगते. वेळ थोडा आहे आणि माझा जीव टांगणीला लागला आहे.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. रंग करडा, आवाज खणखणीत. वीज खात्याने मला घेतले आणि तारा तपासायच्या कामाला जुंपले. वादळात डोंगरावर तार तुटली की मी निघायचे. असले चढ चढायचे की मागे बसलेली माणसे जीव मुठीत धरून बसायची. वीज परत आली की खालच्या घरांतून एकच ओरडा ऐकू यायचा. मग कोणीतरी माझ्या बोनेटवर थाप मारून म्हणायचे, "शाबास गं म्हातारे!" तेव्हा मी जेमतेम चार वर्षांची होते, पण कौतुक ते कौतुक.

माझ्या शेवटच्या चालकबाईला मी 'आई' म्हणते, कारण तिची मुलगी तिला तसे म्हणते. ती खांबावरही चढायची आणि मलाही चालवायची. कामाच्या धबडग्यात मुलगी मात्र सहा वर्षे मावशीकडे वाढली. मावशी शिवणकाम करायची. महिन्यातून एकदा आई मला तिच्या दारात उभी करायची, तेव्हा ती चिमुरडी बटणांच्या ढिगाऱ्यात बसलेली दिसायची. ती आईकडे बघायची, पण उठून यायची नाही.

पुढे नव्या गाड्या आल्या. मला भिंतीच्या कडेला लावले, वर ताडपत्री टाकली आणि सगळे विसरून गेले. उंदरांनी माझ्या सीटमध्ये संसार थाटला. दोन वर्षे कोणी किल्ली फिरवली नाही. त्याच सुमारास आईचा खांदा कायमचा दुखावला, तिला टेबलावरचे काम मिळाले आणि अकरा वर्षांची मुलगी तिच्याकडे राहायला आली. मावशीला 'तू' आणि आईला 'तुम्ही' म्हणणारी मुलगी! जेवताना मीठ मागण्यापलीकडे दोघींत बोलणे नव्हते म्हणे.

खात्याने मला मोडीत काढायचे ठरवले, तेव्हा आईने मला मागून घेतले आणि आपल्या घराशेजारच्या शेडमध्ये आणून ठेवले. अट एकच होती. चार महिन्यांत मी तपासणीत पास व्हायचे, नाहीतर खाते मला नेऊन यंत्राखाली दाबून टाकणार. आईने मुलीला विचारले, "मला मदत करशील?"

"करते," मुलगी म्हणाली. "पण मला काही येत नाही."

"मलाही सगळं कुठे येतं?"

दोघींनी कंबर कसली. त्यांनी माझे अंग अंग सुटे केले. उंदरांचे घरटे निघाले तेव्हा दोघी किंचाळत बाहेर पळाल्या आणि मग हसत सुटल्या. त्या घरातले ते पहिले हसू मी ऐकले. मुलीच्या नखांत काळे वंगण बसले आणि ती ते शाळेत मिरवू लागली.

मग ती चूक झाली.

आई काढलेले बोल्ट पत्र्याच्या डब्यांत ठेवायची. स्टीअरिंगचे एका डब्यात, ब्रेकचे दुसऱ्या, गिअरचे तिसऱ्या. डब्यांवर काही लिहिलेले नव्हते. क्रम तिच्या डोक्यात होता. एके दिवशी ती कामावर असताना मुलीने सगळे डबे जमिनीवर उपडे केले. रॉकेलमध्ये एकेक बोल्ट घासला, पुसला आणि मावशीकडे बटणे लावायची तसे आकाराप्रमाणे काचेच्या बरण्यांत भरून ठेवले. लहानात लहान पहिल्या बरणीत, मोठ्यात मोठा शेवटच्या. मित्रांनो, मी कळवळून मनात ओरडत होते, "अगं, थांब! ते माझे हातपाय आहेत, गुंड्या नव्हेत!" पण मला कुठे जीभ आहे?

संध्याकाळी आई आली. बरण्या बघून तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मुलगी कडेला उभी होती, डोळे चमकत होते.

"कसं केलंय?"

"छान केलंस," आई म्हणाली. "खूपच छान."

मुलगी आत गेल्यावर आई माझ्या खाली येऊन आडवी झाली. मग स्वतःशीच पुटपुटली, "बोलले तर जाईल ती. परत मावशीकडे जाईल." त्या दिवसापासून ती अंदाजाने मला जुळवू लागली. बरणीतून बोल्ट काढायचा, लावून बघायचा, नाही बसला तर दुसरा. बरेचसे बरोबर बसले. पण चाके वळवणारी स्टीअरिंगची पेटी ज्या तीन बोल्टांनी माझ्या सांगाड्याला घट्ट बसते, त्यातला सगळ्यात लांब बोल्ट तिने दुसरीकडेच लावला. त्याच्या जागी बोटाच्या पेराएवढा आखूड आला. त्याच्या जेमतेम दोन आट्यांवर नट बसला. मी मात्र ते ओझे उराशी घेऊन गप्प उभी.

तपासणी शुक्रवारी होती. बुधवारी आईने मला बाहेर काढले. मुलगी शेजारी बसली होती, तिने माझे आरसेसुद्धा पुसले होते. गल्लीच्या टोकाशी मोठा उतार आहे, खाली वर्दळीचा रस्ता. माझे धाबे दणाणले. मला एकच गोष्ट करता येत होती. मी ठणठणले. वळण आले की जिवाच्या आकांताने ठणठणले.

"आई, काहीतरी वाजतंय."

"जुनी आहे ती. वाजणारच."

"नाही हो. डावीकडे वळताना वाजतं. उजवीकडे नाही."

उताराच्या तोंडाशी आईने करकचून हँडब्रेक ओढला. ती खाली उतरली, माझ्या खाली वाकली. तिने पाना घेतलाच नाही. नट दोन बोटांनी फिरला.

ती उठून उभी राहिली. "हा बोल्ट मी अंदाजाने लावलाय," ती म्हणाली.

"अंदाजाने का?"

"डबे जागेप्रमाणे लावलेले होते. तू ते... कोणता कुठला, ते मला नंतर कळेना."

मुलीला समजायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा लाल झाला. "म्हणजे माझ्यामुळे? मी सगळ्या वर्गाला सांगितलं! मावशीला सांगितलं! मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू निघून जाशील म्हणून."

"आता आपण दोघी गेलो असतो!"

आईने नट जागच्या जागी तारेने करकचून बांधला आणि मला पावलापावलाने घरी आणले. मुलगी पदपथावरून पुढे पुढे चालत होती. तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन मावशीकडे गेली.

आईने मनात आणले असते, तर तो एक बोल्ट बदलून शुक्रवारी मला तपासणीला नेता आले असते. पण आता तिचा कोणत्याच बोल्टवर विश्वास उरला नव्हता. तिने माझी चाके काढली, मला ठोकळ्यांवर ठेवले आणि माझ्या पायरीवर बसून राहिली. शुक्रवार आला तसा गेला. खात्यातून फोन आला. आई नुसती 'बरं' म्हणाली. मी पुष्कळ वादळे पाहिली आहेत, मित्रांनो, पण त्या दिवसाइतकी हतबल मी कधीच नव्हते.

शनिवारी दुपारी दार वाजले. मुलगी होती. जुने कपडे घालून आली होती.

"तारीख गेली?"

"गेली. सोमवारी नेतील."

"तोवर किती बोल्ट तपासून होतील?"

"आता कशाला? जीप काही वाचत नाही."

"मला बघायचंय, आणखी कुठे कुठे चुकलंय." तिने माझ्या खाली सरपटत येऊन हात बाहेर काढला. "पाना दे."

तेव्हापासून दोघी एकेक बोल्ट काढून बघत आहेत. मुलगी विचारते, "हा बरोबर?" आई कधी 'हो' म्हणते, कधी 'नाही' म्हणते आणि कधी सरळ सांगते, "मला माहीत नाही." आत्तापर्यंत सात चुकीचे निघाले. त्यातला एक ब्रेकचा होता. तो हातात घेऊन मुलगी खूप रडली, आईही रडली, आणि मग दोघींनी पुढचा काढला.

मला जायचे नाही, मित्रांनो. मला अजून एकदा तो चढ चढायचा आहे. पण सोमवार काही माझ्यासाठी थांबणार नाही. म्हणून जाता जाता तुमच्याकडे एवढेच मागते. आपल्या माणसाचे काही चुकले, तर त्याला त्याच दिवशी सांगा. तो रुसेल, रडेल, दार आपटून जाईल, तरी सांगा. गप्प बसणे माझ्या नशिबी आले, कारण मी लोखंडाची आहे.