पहिल्या ओळीपासून

वर्गातल्या मुलींनी तिचं नाव 'घडाघडा' ठेवलं होतं, आणि ते तिला अगदी चपखल बसलं होतं. तिच्या शाळेची शिस्तच तशी. उत्तर द्यायचं ते धड्याच्या पहिल्या ओळीपासून. मध्ये अडलं की पुन्हा पहिल्या ओळीवर. प्रश्न विचारायचे ते गुरुजींनी. 'माहीत नाही' म्हणणारा तास संपेपर्यंत वर्गाबाहेर. इतकं घोटून घेतल्यावर गुण काय हो, ढिगाने मिळतात. वनस्पतिशास्त्रही तिनं हौसेनं घेतलं, पण विद्यापीठात आल्यापासून अभ्यासावरून मन जे उडालं ते उडालंच. पुस्तक उघडलं की जांभई. वडिलांना वाटे, पोरगी लाडावली. तिला वाटे, आपल्यात मुळी शिकण्याची आवडच नाही.

तोंडी परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. आज पुन्हा झाली तर शिक्षण बंद आणि मामाच्या रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, हे घरी ठरून गेलं होतं.

परीक्षक बाईंनी टेबलावर तुतीची एक फांदी ठेवली. हिच्या पानांबद्दल बोल, म्हणाल्या. झालं, गाडी सुटली. पान हा वनस्पतीचा हिरवा, चपटा अवयव असून... बाईंनी हात वर केला. ते नको, या पानांचं सांग. पोरगी पुन्हा पहिल्यापासून: पान हा वनस्पतीचा हिरवा, चपटा... बाईंनी पुन्हा थांबवलं. तिसऱ्या खेपेला 'चपटा'वरच तिची बोबडी वळली. डोळ्यांसमोर गल्ला दिसायला लागला.

बाई उठून तिच्या शेजारी येऊन बसल्या. पाठ केलेलं राहू दे, नुसतं बघ, म्हणाल्या.

दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं, म्हणून तिनं बघितलं. एक पान पत्त्यातल्या बदामासारखं, अखंड. त्याच्या शेजारचं कात्रीनं कापल्यासारखं, तीन बोटांचं. आणि दोन्ही एकाच फांदीवर. पुस्तकात तर एकच चित्र होतं.

"अशी दोन तऱ्हेची का असतील?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि सवयीनं उठून मुकाट्यानं दाराबाहेर जायला निघाली.

"अगं, निघालीस कुठे? मलाही नीटसं माहीत नाही."

ती दारातच थबकली. शिक्षकाच्या तोंडून असं काही तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. छातीवरचं ओझं कुणी अलगद उतरवून ठेवावं तसं झालं तिला, आणि चक्क हसू फुटलं. परत येऊन तिनं फांदी हातात घेतली.

"शेंड्यालाही अशीच असतात का? की फक्त खालच्या फांद्यांवर?"

बाईंनी गुण मांडले. पास झालीस, झाड मागच्या अंगणात आहे, बघून ये आणि मलाही सांग, म्हणाल्या.

वडिलांचा फोन आला तेव्हा ती झाडाखाली मान वर करून उभी होती. घरी कळवायचं साफ विसरली होती.

"काय झालं गं? मामाला काय सांगू?"

"पास झाले, बाबा. पण आत्ता ठेवा ना फोन, मी पानं बघतेय."

पलीकडे वडिलांनी सोडलेला लांब श्वास तिला ऐकू आला.

"बघ, सावकाश बघ," ते म्हणाले. आवाज जरा ओला होता. "मामाला म्हणतो, दुकानावर दुसरं माणूस ठेव. आमच्या पोरीला वेळ नाही."