चिखलातली कार्बाइन

चिखलात बुडवलेली कार्बाइन हवालदार कमळाकरने वर काढली, दोनदा झटकली आणि नेम धरला. दोन गोळ्या गेल्या. तिसरी अडकली.

लष्कराच्या रेंजवर चाचण्या चालू होत्या. सगळ्यांत उतरली तर पायदळासाठी ही कार्बाइन घेतली जाणार होती. तिचे आतले चालते भाग भूमिकाने डिझाइन केले होते. कंपनीत लागल्यापासून तिने दुसरं काही केलंच नव्हतं.

भूमिकाच्या साहेबांनी लगेच हरकत घेतली. चिखल फार घट्ट आहे, चाचणी पुन्हा घ्या, म्हणाले.

"तुमचंही तेच म्हणणं आहे?" लष्करी अधिकाऱ्याने भूमिकाला विचारलं.

ती कमळाकरकडे वळली. "तुम्हाला काय वाटतं?"

"शेतात आडवं पडलो तर असाच चिखल लागतो, मॅडम. उद्या पलटणीतली पोरं ही घेऊन चकमकीत जातील. तिथं अडकली तर परत चाचणी नाय."

"अडकली असंच लिहा," भूमिका म्हणाली.

साहेब त्या दिवशी तिच्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी चहाच्या टपरीवर कमळाकर भेटला. त्याच्या बोलण्यावरून तिने ओळखलं होतंच. "तुम्ही आमच्याकडचे का?"

"रोह्याजवळ निडी."

"मी पेणजवळची, खाडीकाठच्या गडबची."

"मंग चिखलाचं तुम्हाला मी काय सांगू?" तो हसला.

कंपनीला सुधारणेसाठी मुदत मिळाली. भूमिका घरी आली, तेव्हा ओहोटीच्या वेळी वडिलांबरोबर खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत उतरली. तिथला चिखल रेंजवरच्यापेक्षा बारीक, लोण्यासारखा. दोघांनी दोन पिंपं भरली.

"बंदूक चिखलात घालायचा पगार देतात तुला?" वडिलांनी विचारलं.

"व्हय, बाबा."

पिंपं टेम्पोने कंपनीत गेली. रिकामं काडतूस जिथून बाहेर पडतं, तिथून चिखल आत शिरत होता. तिने आधी तिथे घट्ट झाकण बसवलं. मग तर जास्तच अडकायला लागली, कारण आत गेलेला चिखल आतच राहायचा. बरेच दिवस डोकं चालेना. शेवटी तिने झाकण सैल केलं आणि बोल्टच्या, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या दट्ट्याच्या खाली चिखल निसटायला वाट ठेवली.

पुढच्या चाचणीलाही कमळाकरच होता. त्याने अख्खं मॅगझिन रिकामं केलं. मग कुणी न सांगता दुसरं लावलं, तेही संपवलं आणि कार्बाइन टेबलावर ठेवली. "चालते," एवढंच म्हणाला.

बाकीच्या चाचण्या पार पडून कार्बाइन पलटणींकडे पोचली, तोवर कमळाकर निवृत्त झाला होता. एका रविवारी भूमिका निडीला गेली. तो बांधावर गवत कापत होता.

"तुमच्या पलटणीला मिळाली," तिने सांगितलं.

"कळलं. पोरांचा फोन आलेला. हलकी हाय म्हणतात."

"तुम्हाला नाही मिळाली."

"नाय मिळाली." त्याने विळा पुसला. "वाईट वाटतं थोडं. पण बरं झालं, पोरांना मिळाली." मग त्याने विचारलं, "तुम्ही कधी चालवलीत का?"

"एकदाच. चार दिवस खांदा दुखत होता."

कमळाकर मोठ्याने हसला आणि घराकडे तोंड करून त्याने बायकोला हाक मारली, "गो नंदा, भाकऱ्या जास्त टाक."

भूमिका जेवायला थांबली आणि संध्याकाळच्या गाडीने पेणला उतरली.