गोदामातला पोरगा

"एवढं वरडायचं असतंय व्हय माणसानं?" धोंडुबाईनं डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटला. "मिशा पांढऱ्या झाल्या, नातवंडं खेळवायचं वय झालं, आणि ह्यो केसं मोकळी सोडून, काळा शर्ट घालून माइक गिळतोय. अडलेली म्हैस सुदीक एवढी वरडत न्हाय. तुम्हीच काय ते सांगा, साहेब. माझं ऐकायचं त्यानं कवाच सोडलंय."

तिचा पोरगा जोतीराम शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. एवढा धिप्पाड गडी, पण डॉक्टरांच्या पुढं शाळेतून नाव कमी झालेल्या पोरासारखा दिसत होता.

"ओरडल्यानं हा आजार होत नाही, आजी," डॉक्टर म्हणाले. "सिगारेटनं होतो."

"आणि सिगरेट कुठं लागली? त्या वरडणाऱ्यांच्यातच की!"

डॉक्टर हसले नाहीत. डॉक्टरांनी सावकाश, तिला कळेल अशा बेतानं सांगितलं. घशातला कॅन्सर वाढला आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला पुढून भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. माणूस वाचेल. आवाज जाईल.

"समदा?" धोंडुबाईनं विचारलं.

"सगळा."

जोतीरामनं पहिल्यांदाच मान वर केली. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पुढच्या रविवारपतोर थांबलं तर चालंल काय, सर?"

दवाखान्याच्या फाटकाबाहेर धोंडुबाईनं त्याला दंडाला धरून उभा केला. "काय हाय रविवारी?"

"कार्यक्रम. लाइव्ह अल्बम काढायचाय, आई."

"म्हंजे?"

"लोकांच्या म्होरं गायचं आणि तितंच रेकॉर्ड करायचं. जसं हुईल तसं. मागनं दुरुस्ती न्हाय."

"घशात आग लागलीया आणि तू गाणी म्हणतोस? लाज हाय काय, जोत्या?"

"मरायलो न्हाय मी. मुका व्हायलोय. त्येच्या आदी एकदा."

तो पुढं चालायला लागला.

नवरा गेल्यावर तिनं म्हशींवर घर उभं केलं होतं. चौकातल्या कट्ट्यावर म्हशी बांधायच्या आणि गिऱ्हाइकाच्या भांड्यात त्याच्या डोळ्यादेखत धार काढून द्यायची. दुधात पाणी घातलं असं कुणी चेष्टेत म्हटलं, तरी त्याचं भांडं ती गटारात पालथं करायची. पोरगा असल्या, मेटल म्हणतात त्या गाण्याच्या नादाला लागला तेव्हा तिनं एकदाच सांगितलं, "ह्या घरात ही किंकाळी न्हाय." पोरानंही ऐकलं. सकाळी धारा काढायचा, शेण भरायचा, आणि संध्याकाळी बाबालाल लाउडस्पीकरवाल्याच्या गोदामात जायचा. बाबालालचा पोरगा अबुजर तिथं ड्रम बडवायचा. धोंडुबाई त्या गोदामाकडं कधी फिरकली नाही. बँडचं नाव 'रेडा' आहे, हेही तिला सून आल्यावर सुनेकडून कळलं. "म्हशीवालीचं पोरगं दुसरं काय ठेवणार?" एवढंच ती म्हणाली होती.

आता तिनं सगळं करून पाहिलं. अबोला धरला. जेवण सोडलं. नृसिंहवाडीला जाऊन दत्तापुढं पदर पसरला आणि अंगारा आणला. जोतीरामनं अंगारा कपाळाला लावला, तिच्या पाया पडला आणि तालमीला निघून गेला. शेवटी ती अबुजरच्या दारात गेली.

"मशीन मोड तुझं," ती म्हणाली. "रेकॉर्ड हुईत न्हाय म्हणून सांग त्याला."

"काकू, त्याला कोण सांगणार? मशीन मोडलं तर त्यो हातगाडीवर चढून गाईल."

"मग त्याच्यासंगं तू पण मर."

"तुम्ही या की कार्यक्रमाला," अबुजर डोळे पुसत म्हणाला. "शिव्या द्यायला या. पण या."

ती गेली. मंगल कार्यालयात कार्यक्रम होता. आदल्या दिवशीच्या लग्नातली थर्माकोलची अक्षरं तशीच राहिली होती. ड्रमच्या मागं चि. राजवर्धन आणि चि. सौ. कां. निशिगंधा यांचा शुभविवाह लागला होता, आणि पुढं काळ्या शर्टातली पोरं मुंड्या हलवत होती. सून वर्षाराणी आणि धोंडुबाई पहिल्या रांगेत बसल्या. धोंडुबाईनं कानात कापसाचे बोळे घातले होते.

जोतीराम आला आणि पोरं किंचाळली, "काका! काका!"

"काका म्हणत्यात ह्याला?" धोंडुबाई सुनेच्या कानाशी ओरडली. "ह्या वयात काकाच म्हणणार. शहाणी हायती पोरं."

पहिली गाणी निभावली. बोळ्यांतूनही आवाज तिच्या छातीवर आपटत होता. गळ्याच्या शिरा दोरासारख्या ताठ करून, डोळे मिटून तो गात होता, आणि ती फक्त त्याच्या गळ्याकडं बघत होती. मग मधल्याच एका गाण्यात काहीतरी टर्रकन फाटलं. गिटारी चालू राहिल्या. जोतीरामचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं.

पोरांना वाटलं, गाण्यातच आहे. मग मागं कुणीतरी हसलं.

धोंडुबाईनं कानातले बोळे काढले. स्पीकरच्या मोठाल्या खोक्यांमधून तिच्या पोराचा श्वास ऐकू येत होता. भात्यासारखा, खरखरत, आत-बाहेर. त्यानं माइक सोडला नाही. शब्दांच्या जागी शब्द नव्हते, तिथं तो श्वास टाकत होता. गाणं संपलं की पुढचं धरत होता. हसणारा गप झाला. मंचावर जाऊन त्याला ओढून खाली आणावं असं धोंडुबाईला शंभरदा वाटलं, पण ती जागची हलली नाही. शेवटपर्यंत तो उभा राहिला. ठरलं होतं त्याप्रमाणे सोमवारी दवाखान्यात दाखल झाला.

घरी आला तो गळ्यावर पट्टी घेऊन. बोलायचं असलं की पाटीवर लिहायचा. धोंडुबाई दुसरीतून शाळा सोडलेली. एसटीची पाटी जेमतेम लागायची, त्यात पोराचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मग वर्षाराणी वाचून दाखवायची, "आत्ती, चा मागायलेत." "आत्ती, काळ्या म्हशीला बघा म्हणायलेत." पोराचं बोलणं सुनेच्या तोंडून ऐकायचं धोंडुबाईच्या जिवावर यायचं. एकदा तिनं पाटी पुढं ओढून स्वतः अक्षरं लावायचा प्रयत्न केला. बराच वेळ ओठ हलवले. मग पाटी सुनेकडं सरकवली आणि गोठ्यात जाऊन उगीचच एका गरीब म्हशीला फटका मारला.

एका दुपारी अबुजर छोटा स्पीकर घेऊन आला. अल्बम तयार होता. वर्षाराणीनं हात पुसले, जोतीराम भिंतीला टेकून बसला. अबुजरनं मोबाइलवर बोट ठेवलं आणि घराचा पुढला सोपा हादरला.

धोंडुबाई उठून गेली नाही. मांडी घालून, गुडघ्यावर हात ठेवून तिनं एकेक गाणं ऐकलं. 'काका, काका' अशी हाक आली. आवाज फाटला ते गाणं आलं, आणि गेलं. कुठं काही फाटलं नाही. उलट आवाज जास्तच उंच चढला, लखलखीत.

"बंद कर," ती म्हणाली. "ह्यो कोण?"

अबुजरनं जोतीरामकडं पाहिलं. "जोतीभाऊच की, काकू."

"मला येडी समजलाईस? मी म्होरं बसलोतो. तितं त्याचा गळा फाटला. ह्यो कुणाचा पोरगा घुसवलाईस मधीच? माझ्या पोराच्या जागी कुणाला हुबा केलास, सांग!"

जोतीरामचे खांदे हलायला लागले. हसतोय असं तिला वाटलं, आणि ती भडकणार तोच त्याचा चेहरा दिसला. त्यानं पाटी घेतली. लिहिलं. वर्षाराणीनं पाटी हातात घेतली, पण वाचेना.

"वाच की गं!"

"आत्ती..." वर्षाराणी म्हणाली. "लिवलंय, त्यो मीच हाय, आई. पंचवीस वर्साचा असतानाचा. गोदामातल्या जुन्या कॅसेटीतला."

धोंडुबाईनं स्पीकरकडं पाहिलं, मग पोराकडं, मग परत स्पीकरकडं. धोंडुबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, पुन्हा मागं सारला. असा आवाज होता तर. लखलखीत. कट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर तो घुमत होता, आणि तिच्या कानाला त्याची ओळखही नव्हती.

"आणि त्या दिवशीचा?" तिनं विचारलं. "फाटलेला. त्यो कुठाय?"

"हाय माझ्याकडं," अबुजर म्हणाला. "भाऊ पुसून टाक म्हणालेत. आज पुसायचाय."

"लाव."

जोतीरामनं हात पुढं करून मोबाइल घ्यायचा प्रयत्न केला. धोंडुबाईनं त्याचं मनगट पकडलं. धारा काढून काढून घट्ट झालेली ती पकड त्याला सोडवता आली नाही. अबुजरनं लावलं.

तेच गाणं. टर्रकन फाटलेला आवाज. कुणाचं तरी हसणं. आणि मग श्वास, खरखरणारा, आत-बाहेर, गाण्यामागून गाणं. जोतीराम तोंड फिरवून बसला होता. त्याच्या गळ्याची पट्टी वरखाली होत होती. धोंडुबाईनं मनगट न सोडता सगळं ऐकलं.

संपल्यावर त्यानं मोकळ्या हातानं पाटीवर काहीतरी खरडलं. वर्षाराणी वाचायला पुढं झाली.

"वाचू नगंस," धोंडुबाई म्हणाली. तिनं पाटी पालथी केली आणि पोराची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

"गोदामातला पोरगा चांगला वरडतोय. खरं त्यो कोण, मला ठावं न्हाय. त्याला मी कधी ऐकलो न्हाय. ह्यो फाटका तेवढा माझ्या म्होरं उभा हुता. लोकं हसली तरी उभा हुता. त्या दिवशी तुझा गळा फाटला, जोत्या, खरं तू पळाला न्हाईस. आता त्याला पुसून पळायलाईस."