जीभ धरणारं हाड

ऊन उतरायच्या आतच देवळासमोरचं पटांगण भरून गेलं होतं. बाया एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला आणि मधे घोंगडीवर ते हाड. वीतभर लांब, पांढुरकं, दोन्ही टोकांना मोडलेलं. प्रभू महाराजांनी ते उचललं की लेकरांची रडारडसुद्धा थांबायची.

“हे दगूड न्हाई!” महाराज गरजले. “हे राक्षसाचं हाड हाय! जन्मभर खोटं खाल्लं त्यानं. आता त्याला खोट्याची चव बराबर कळते. खऱ्याला सोडतं, खोट्याला धरतं. काढ जीभ!”

महाराज किती शिकले होते हे कुणी विचारलं नव्हतं. राक्षसाच्या खाण्यापिण्याबद्दल मात्र ते फार खात्रीनं बोलत.

एका म्हाताऱ्यानं जीभ काढली. हाड टेकलं, सुटलं. “खरा हाय!” मग शेजाऱ्याची बकरी चोरल्याचा आळ असलेला एक तरणा गडी पुढं आला. हाड टेकलं आणि तिथंच राहिलं. महाराजांनी हात मागं घेतला, तशी त्याची जीभ हाडासोबत ओढली गेली. गडी घशातून चमत्कारिक आवाज काढत गुडघ्यावर बसला आणि सुटल्या सुटल्या सगळं कबूल करून मोकळा झाला. पटांगणातले सगळे हात जोडले गेले.

बायांच्या मागं उभ्या असलेल्या रागिणीचे हात तेवढे जोडले गेले नाहीत. जवळा बाजारची ही पोरगी साखरा गावापलीकडच्या या वाडीत शाळेवर शिक्षिका होती. ही लबाडी आहे हे तिला ठाऊक होतं. कशी आहे, ते काही केल्या कळत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय तोंड उघडण्यात अर्थ नव्हता.

“आता अमावस्येला,” महाराज हळू आवाजात म्हणाले, आणि त्या हळू आवाजाचीच जास्त भीती वाटली, “मेंढरं कुणी खाल्ली ते हाड सांगंल. चंद्रभागाबाईची जीभ बघायची हाय.”

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. चंद्रभागाबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. पंधरवड्यापूर्वी मसाजी मेंढक्याच्या कळपातली मेंढरं एका दुपारी फटाफट पडून मेली होती. कळपात निम्म्या वाडीची मेंढरं होती. मसाजी म्हणाला, कुणाची तरी नजर लागली. आदल्या संध्याकाळी चंद्रभागाबाई मेंढवाड्यापाशी एका अशक्त कोकराला पाणी पाजताना दिसल्या होत्या. शिवाय सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या होत्या, “जनावराच्या डॉक्टरला बोलवा, या सोंगाड्याला काहून बोलावता?” सोंगाड्याच्या ते चांगलंच लक्षात राहिलं.

हाडानं धरलं तर काय, हे कुणी उघड बोलत नव्हतं. पण वाडीतल्या रुक्माबाईनं रागिणीला गाठून सांगितलं, “तोंडाला काळं फासून शिवेबाहेर घालणार हाईत, बाई. घरबी पेटवायचं म्हणून राहिले. तुमी मधी पडू नका.”

अमावस्येच्या आदल्या दिवशी शाळेची सहल ठरलेली होती. हिंगोलीच्या वेशीवर एक छोटं संग्रहालय होतं. दोन खोल्या आणि लांबलांबून जमवलेली डायनोसॉरची हाडं. सोबतीला रागिणीनं मुद्दाम चंद्रभागाबाईंना घेतलं. तेवढा एक दिवस तरी त्या वाडीच्या नजरेआड राहतील, एवढाच तिचा हिशोब. जीपमध्ये त्यांच्या शेजारी एकही मूल बसलं नाही. आयांनी घरूनच बजावलं होतं. पोरं एकमेकांच्या मांडीवर बसली, दाटीवाटीनं उभी राहिली, पण ती जागा तशीच रिकामी राहिली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

संग्रहालय सांभाळणाऱ्या सत्यशीलामॅडम कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी वाळूवर ठेवलेलं मांडीचं भलंमोठं हाड दाखवलं, गोल दगडासारखी अंडी दाखवली. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी ही जनावरं कशी मेली, गाळात कशी गाडली गेली, ते सांगितलं. मग विचारलं, “रानात पांढरा तुकडा सापडला. दगड की हाड, कसं ओळखाल?”

मॅडमनी डब्यातला एक तुकडा उचलला, जीभ काढली, त्यावर टेकवला आणि हात सोडला. तुकडा जिभेला लटकत राहिला.

पोरांनी किंकाळ्या फोडल्या. “मॅडम खोटं बोलल्या! मॅडमला धरलं!” दोघं-तिघं तर दाराबाहेर पळाली. चंद्रभागाबाई भिंतीला टेकल्या.

गोंधळलेल्या मॅडमना रागिणीनं सगळी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता मॅडमच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या. त्यांनी धुऊन वाळवलेला दुसरा तुकडा रागिणीच्या हातावर ठेवला. “आधी तुम्ही बघा.”

रागिणीनं तो जिभेला लावला. त्यानं धरलं. त्या क्षणी या शिकल्यासवरल्या बाईच्या मनात काय आलं असेल? आपण कधी, कुणाशी, काय खोटं बोललो? मग तिला स्वतःचाच राग आला आणि वाडीतली माणसं का घाबरतात तेही कळलं.

“हाडात बारीक बारीक भोकं असतात,” मॅडम म्हणाल्या. “वाळलेलं ढेकूळ पाणी कसं शोषून घेतं? तसंच हे जिभेचा ओलावा ओढतं, म्हणून चिकटतं. भोकं दगडानं गच्च भरली असतील तर नाही चिकटणार. आणि तूप लावलं तरी नाही.” त्यांनी जेवणाच्या डब्यातलं तूप त्याच तुकड्याच्या एका टोकाला चोळलं. ते टोक जिभेवरून घसरलं. उलटं केलं, कोरडं टोक चिकटलं.

रागिणीला महाराजांची बोटं आठवली. प्रत्येक माणसाआधी ते हाड कपाळाला लावत, डोळे मिटत आणि बोटांत उलटंसुलटं फिरवत. त्याला सगळी वाडी भक्ती समजत होती.

“मॅडम, मला थोडे तुकडे द्याल?”

मॅडमनी चुरा म्हणून बाजूला ठेवलेल्या तुकड्यांचा डबाच दिला.

परतताना रागिणी म्हणाली, “मी पोलिसांना फोन करते. कायदा आहे याविरुद्ध. तुम्ही उद्या माझ्या आईकडं जवळ्याला चला.”

“फोन करा,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. “पण म्या कुठं येत न्हाई. पळून गेले तर खरंच वाटंल समद्यांला. पोलीस एक दिस बसतील. मला तिथंच ऱ्हायचं हाय.”

अमावस्येला दुपारपासूनच पटांगणात माणसं गोळा होऊ लागली. घोंगडीशेजारी काजळीचं मडकं ठेवलं होतं. कोपऱ्यात चार-पाच तरणे गडी उभे होते आणि त्यातल्या एकाच्या हातात रॉकेलचा कॅन होता. पोलिसांची जीप सेनगावहून निघाली, एवढंच रागिणीला फोनवर कळलं होतं.

आधी मसाजी. हाड टेकलं, सुटलं. “खरा हाय!”

“आता हिला आणा.”

चंद्रभागाबाई आपल्या पायांनी पुढं आल्या. महाराजांनी हाड कपाळाला लावलं, डोळे मिटले, बोटं फिरली.

“थांबा!” रागिणी पुढं झाली. “मसाजीमामाला जे टोक लावलं, तेच बाईंना लावा.”

“देवाला डाव्या-उजव्याचं शिकवती का, मास्तरीण?” महाराज हसले. “हाड कोपलं तर शाळा जळंल तुझी!”

“मग हेच टोक मामाला लावा. मामा खरे हाईत ना? त्यांला काहून भ्यायचं?”

गर्दीत कुजबूज उठली. “लावा की,” कुणीतरी म्हणालं. “व्हय, लावा!” महाराजांनी हाड छातीशी धरलं. आता नाही म्हणावं तर पंचाईत. रागिणीनं ते सरळ त्यांच्या हातातून काढलं आणि कोरडं टोक मसाजीसमोर धरलं. मसाजी मागं सरकला, पण मागं माणसंच माणसं. त्यानं जीभ काढली.

हाडानं धरलं.

मसाजीनं हाड ओरबाडून काढलं आणि धाडकन जमिनीवर बसला. “म्याच मारली! कापलेल्या ज्वारीच्या हिरव्या फुटव्यात म्याच घातली मेंढरं. किराळ लागंल, कवळ्या फुटव्याचं इख भिनंल, हे मला ठाऊक होतं, पर फुकटचा चारा दिसला. समद्यांची मेंढरं होती, म्हणून नजरेचं नाव घेतलं.” तो रडू लागला. “दोन दिसांनी नाल्यात हे हाड घावलं. मेंढरांला चाटायला खारा दगूड घावला वाटलं, म्हणून चव बघितली. त्यानं मला धरलं! खोटं बोललो म्हणून धरलं! म्या महाराजालाच सांगितलं फकस्त. ते म्हणले, गप ऱ्हा, दुसरं नाव बघू.”

वाडीतला प्रत्येक मेंढका खाऱ्या दगडाची चव आधी आपल्या जिभेवर बघतो. त्या एका सवयीतून आणि एका माणसाला खाणाऱ्या त्याच्याच मनातून हा देव जन्मला होता.

पण गर्दीला ते ऐकायचं नव्हतं. “हाड खरं निघालं!” कुणीतरी ओरडलं. “मसाजीला धरलं! फासा काळं!” कॅनवाला गडी पुढं सरकला. बाई सुटल्या होत्या. आता रागिणी गप्प बसली असती तर तिचं काम झालं होतं. फक्त त्या मडक्यातली काजळी दुसऱ्या तोंडाला लागली असती.

“हाडाला काही कळत नाही!” ती जिवाच्या आकांतानं ओरडली. तिनं डबा उघडला, एक तुकडा आपल्या जिभेला लावला आणि हात बाजूला केले. तुकडा लटकत राहिला. “बघा, मलाही धरलं! मेंढरं मी मारली का? त्या टोकाला तूप आहे, हात लावून बघा. तूप असलं की घसरतं, कोरडं असलं की चिकटतं. राक्षस नाही, खोटं नाही. घ्या, आपापल्या जिभेला लावा!”

कुणीच हात पुढं केला नाही. चंद्रभागाबाईंनी केला. ज्या जिभेसाठी सगळी वाडी जमली होती, ती त्यांनी सगळ्यांसमोर काढली आणि तुकडा लावला. त्यानं धरलं. त्या तशाच, जीभ बाहेर, गर्दीसमोरून एकदा फिरल्या. मग रुक्माबाईनं एक तुकडा उचलला. मग म्हाताऱ्यानं. मग कॅनवाल्या गड्यानं, कॅन खाली ठेवून. बघता बघता निम्म्या पटांगणाच्या जिभा बाहेर आल्या आणि प्रत्येक जिभेला हाड चिकटलेलं. कुणी हसलं नाही. महाराज घोंगडी गुंडाळायच्या घाईत होते, पण वाट मिळेना, आणि तेवढ्यात पोलिसांची जीप आलीच.

माणसं माना खाली घालून निघू लागली, तेव्हा चंद्रभागाबाई बोलल्या.

“थांबा जरा. आज हाड होतं, म्हणून मास्तरीणबाईला उलटं करून दाखवता आलं. महाराजानं हाड न घेता नुसतं माझ्याकडं बोट दावलं असतं तर?”

नुसत्या बोटावरही काजळी लागलीच असती. ते सगळ्यांना माहीत होतं.

महाराज लोक एकाच तऱ्हेचे नसतात. कुणाकडं हाड असतं, कुणाकडं राख, कुणाकडं नुसतं बोट. प्रत्येक वेळी डबा घेऊन कुणी शिक्षिका धावून येईल असं नाही. म्हणून एवढं तरी करावं. जनावर मेलं तर जनावराच्या डॉक्टरला बोलवावं, माणूस आजारी पडलं तर दवाखान्यात न्यावं, आणि कुणी एखाद्या एकट्या बाईकडं बोट दाखवलं तर तिच्याकडं बघायच्या आधी त्या बोटवाल्याला विचारावं, “पुरावा काय?” ते विचारायला राक्षसाचं हाड लागत नाही. जीभ प्रत्येकाला आहे.