प्रबंधातली रखमाबाई

मृणालचा प्रबंध तीनशे बारा पानांचा. विषय, खाडीकाठच्या विस्थापितांचे हक्क. परीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं, वर्तकनगरच्या सोसायटीत आईने पेढे वाटले आणि पोरगी डॉक्टर झाली.

त्या प्रबंधाचा जीव म्हणजे कोपरच्या खाडीकाठची आवडाबाई कोळीण. दोन वर्षं मृणाल तिच्या ओटीवर बसून ऐकत होती. पुढे ते घर रस्त्याच्या कामात पाडलं, कागदांची पेटी ढिगाऱ्यात गेली आणि आवडाबाई दिवा गावातल्या एका भाड्याच्या खोलीत आली. तिथे खाडी तर सोडाच, नळालाही पाणी नव्हतं.

पुनर्वसनाच्या घरासाठी आज तिची शेवटची सुनावणी होती. घर पाडण्याआधी ती तिथे राहत होती, असं सांगणारा एक जुना कागद हवा होता. आवडाबाईने फोन केला तेव्हा मृणाल हो म्हणाली. नाही कसं म्हणणार? प्रबंध छातीशी धरून ती आली.

"माज्या पोरीन सगला लिवलाय, सायेब," आवडाबाई अभिमानाने म्हणाली.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पानं उलटली. "यात आवडाबाई कुठे आहेत?"

"सर, त्या रखमाबाई आहेत. संशोधनात माहिती देणाऱ्याचं नाव बदलावं लागतं, गावाचंही. त्यांना त्रास होऊ नये म्हणून."

"बरं. खऱ्या नावांची यादी असेल? सहीचा कागद, रेकॉर्डिंग, फोटो?"

हे सगळं पाच वर्षं जपून मग नष्ट करायचं, असा विद्यापीठाचा नियम होता. पण मृणाल बाईसाहेब नियमापेक्षा कडक! पदवी हातात आली त्याच आठवड्यात तिने स्वतः यादी फाडली, रेकॉर्डिंग पुसलं, आपण किती प्रामाणिक म्हणून स्वतःवरच खूश झाली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे रिकामी राहिली ती दुसरीच.

"नाही, सर. पण मी लिहून देते ना, त्या याच आहेत."

"मॅडम, तुमचं खोटं नाही म्हणत मी. पण त्या काळातला कागद लागतो." त्यांनी फाईल मिटली.

मृणालला ओटीवरचा तो दिवस आठवला. आवडाबाई सुकट निवडत म्हणाली होती, "माजा नाव खरा लिव गो. मना कुनाचा भ्या नाय." आणि मृणालने हसून तिला समजावलं होतं, की मावशी, तुम्हाला नाही कळायचं. ते आठवून आता तिला स्वतःची शिसारी आली.

"मावशी, माझं चुकलं हो," ती रडत म्हणाली.

आवडाबाईने प्रबंध उचलला. अक्षर तिला येत नव्हतं. "रखमा काय बोलते, जरा वाच."

मृणालने हुंदके आवरत वाचलं, "नवरा खाडीत गेला, तो परत येईल तर याच दाराशी येईल. म्हणून मी हे दार सोडत नाही."

"माजाच हाय," आवडाबाई हळूच म्हणाली. मग साहेबांकडे वळून तिने हात जोडले. "सायेब, मंग घर त्या रखमाला द्या. मी तिच्याकं ऱ्हायन."

कोणी हसलं नाही. साहेबांनी खाली बघत पुढचं नाव पुकारलं.